गुन्हा पाहण्याचें सुख

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं दुपारीं आमच्या घरीं आमच्यावरच एक लहानसा खटला चालला. फिर्यादी आमची नात, आरोपी आम्ही. आणि न्यायाधीशाचें आसन पत्करण्यास घरांतील कोणीच तयार नसल्यामुळें तो खटला अद्याप तसाच पडून आहे. प्रकरण असें घडलें. जेवणें आटोपल्यावर आम्ही आमच्या नित्याच्या व्यसनांत, म्हणजे एक जुनें, काळें-पांढरें नसलें तरी रंग विटून गेलेलें, दरोडेखोरांचें इंग्रजी चित्र पाहण्यांत दंग झालों होतों. पाठलाग ऐन भरांत आला होता. मागून शिपाई, पुढें कडा, खालीं पाणी. आणि पळणारा स्वार घोड्यासकट कड्यावरून खालीं झेपावला. आम्हीं खुर्चीच्या हातावर थाप मारिली असावी. तोंच मागून आवाज आला, "आजोबा, हा घोडा खरंच पडला ना?"

"हो." आम्हीं म्हटलें. त्या काळीं अशीं दृश्यें खरींच घेत, हें सांगतांना आमच्या स्वरांत थोडासा अभिमानही होता.

"मग त्याचं पुढं काय झालं?"

आम्हांस तें ठाऊक होतें. ठाऊक नसतें तर बरें झालें असतें. "मेला," आम्हीं सांगितलें.

"आणि तुम्ही हे चौथ्यांदा बघताय!" इतकेंच म्हणून ती आंत निघून गेली.

फिर्याद इतकीच. तिच्यांत रागही फारसा नव्हता. परंतु त्यानंतर कित्येक दिवस आम्हांस त्या प्रश्नानें सोडिलें नाहीं. आणि ज्या सुखाचा हिशेब आम्हीं सत्तर वर्षांत कधीं मांडला नव्हता, तो मांडणें आम्हांस भाग पडलें.

आतां हें व्यसन तरी काय आहे, हें वाचकांस आधीं सांगितलें पाहिजे. आम्हांस थोर चित्रपटांचा तिटकारा आहे असें मुळींच नाहीं. पण थोर चित्रापुढें माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो, आणि आमचें परीक्षेचें वय आतां उलटून गेलें आहे. आम्हांस आवडतात तीं कोणी न गौरविलेलीं, बहुतेकांनीं विसरलेलीं, तासा-सव्वा तासांत आटोपणारीं गुन्हेगारीचीं व मारामारीचीं जुनीं चित्रें. अमेरिकेंत मोठ्या चित्राला जोड म्हणून एकाच तिकिटांत दुसरें हलकें चित्र दाखविण्याची चाल होती. तीं हलकीं चित्रें पुरविणाऱ्या मोनोग्राम, पी. आर. सी. यांसारख्या गरीब कंपन्यांच्या वस्तीस हॉलिवुडांत 'दारिद्र्याची गल्ली' म्हणत. त्या गल्लींतला माल आम्हांस प्रिय. फ्रान्समध्यें लुई फेयाद यानें १९१३–१४ सालीं 'फाँतोमास' नांवाच्या बुरखेधारी चोराचीं पांच चित्रें काढलीं, तींही प्रिय. आणि आपल्या मुंबईंत परळ भागांत १९३३ सालीं निघालेल्या वाडिया मूव्हिटोनचे स्टंटपट तर प्रियतर. त्यांतील 'हंटरवाली' (१९३५) हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. चित्र पाहिलेला माणूस मात्र आतां शोधून सांपडत नाहीं.

या आवडीवर पहिला आक्षेप फार जुना आहे, आणि तो नातीनें घेतला नाहीं याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों. तो असा कीं, गुन्हा पाहिल्यानें गुन्हा शिकतां येतो, निदान त्याचा विटाळ मनाला होतो. आमच्या लहानपणीं हा आक्षेप पुस्तकांवर होता. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आम्हीं भूगोलाच्या पुस्तकाआड ठेवून वाचले आणि सांपडल्यावर मारही खाल्ला. चित्रांच्या बाबतींत तर सरकारांनींच हा आक्षेप उचलून धरला. आपल्याकडे १९२७–२८ सालीं टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीसमोर चित्रपटांच्या नीतिपरिणामाबद्दल ढीगभर साक्षी झाल्या. अमेरिकेंत १९३० सालीं निर्मात्यांनीं एक नियमसंहिता केली व १९३४ पासून ती कडक रीतीनें अंमलांत आणिली. तिचा गाभा असा कीं, प्रेक्षकाची सहानुभूति गुन्ह्याकडे वळतां कामा नये आणि गुन्हेगाराला शासन झाल्यावांचून चित्र संपतां कामा नये. ही संहिता १९६८ पर्यंत कशीबशी टिकली.

या नियमानें नीतीचें रक्षण किती झालें हें पाहावयाचें असल्यास एडगर उल्मर याचें 'डिटूर' हें १९४५ सालचें चित्र पाहावें. तें वरील दारिद्र्याच्या गल्लींतलेंच. अवघ्या अडुसष्ट-एकोणसत्तर मिनिटांचें. न्यूयॉर्कमधील एक पियानोवाला आपल्या प्रेयसीला भेटण्यासाठीं, खिशांत दमडी नसल्यामुळें, वाटेंत भेटेल त्याच्या मोटारींत बसून पश्चिमेकडे निघतो. ज्याच्या मोटारींत तो बसला, तो इसम वाटेंत अकस्मात् मरतो. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं म्हणून हा त्याचे कपडे, पैसे, मोटार आणि नांवही घेतो. पुढें एका तरुणीला मोटारींत घेतो. ती नेमकी मेलेल्याला ओळखणारी निघते आणि याच्या मानेवर बसते. शेवटीं तिचाही मृत्यु याच्याच हातून, पण बंद दाराच्या अलीकडून टेलिफोनची तार ओढतांना, न कळत होतो. ही सारी हकीकत तो स्वतःच सांगतो. नियमाप्रमाणें अगदीं शेवटीं पोलिसांची गाडी येते व त्याला घेऊन जाते.

आतां त्या पोलिसगाडीनें आम्हांला काय शिकविलें? कांहीं नाहीं. ती आली काय आणि न आली काय, आमच्या मनावरचा परिणाम तसूभरही बदलत नाहीं. परंतु तो मनुष्य ज्या गोड, दीनवाण्या स्वरांत पुन्हां पुन्हां सांगतो कीं, 'माझा इलाज नव्हता, दैवच आड आलें', तो स्वर मात्र आम्हांस कित्येक दिवस ऐकूं येत राहिला. कारण तो आमच्या ओळखीचा होता. कचेरींत एकदां आमच्या हातून एका कनिष्ठ सहकाऱ्यावर अन्याय झाला. त्या रात्रीं घरीं ती हकीकत सांगतांना आम्हीं नेमका हाच स्वर लाविला होता, आणि तीच कारणें, त्याच क्रमानें, मांडलीं होतीं. श्रोत्यांस तीं पटलींही. नीतीचा पाठ घ्यावयाचाच असेल तर तो असा आडवाटेनें मिळतो. नियमानें चिकटविलेल्या शेपटांत तो मिळत नाहीं.

शिवाय गुन्हा पाहण्यांत रस घेणें ही कांहीं पाश्चात्त्यांनीं आणिलेली रोगराई नव्हे. शूद्रकाचें 'मृच्छकटिक' ज्या घरांत आदरानें वाचलें जातें, देवलांनीं तें मराठी रंगभूमीवर आणिलें याचा ज्या घरांत अभिमान आहे, त्या घरांतील मंडळींनीं शर्विलकाचा प्रवेश आठवावा. हा गृहस्थ ब्राह्मण; पण प्रेयसीला दास्यांतून सोडविण्यासाठीं चारुदत्ताच्या घराला रात्रीं खिंडार पाडतो. आणि कसें पाडतो! शास्त्रशुद्ध. भिंत कोणत्या विटांची, त्या भाजलेल्या कीं कच्च्या, भोंक कमळासारखें पाडावें, चंद्रकोरीसारखें कीं पूर्णकुंभासारखें, याचा तो सावकाश विचार करितो. मोजण्याची दोरी विसरली असें ध्यानांत येतांच तो गळ्यांतील जानवें काढतो आणि त्यानेंच माप घेतो. वर ब्राह्मणाला हें किती उपयोगी, याचें कौतुकही करितो. या प्रवेशाला प्रेक्षक दीड हजार वर्षें हसत आले आहेत. पण तें पाहून कोणी घरें फोडावयास निघाल्याचें ऐकिवांत नाहीं. कारागिराचें कौशल्य पाहण्यांत एक निरपेक्ष सुख आहे, मग तो कारागीर सोनार असो वा घरफोड्या. 'फाँतोमास'चा वेषपालट पाहतांना, तिजोरी फोडणारा आपल्या बोटांना कान लावतो तेव्हां, आम्हांस तेंच सुख होतें.

आमच्या साहित्यशास्त्र्यांनीं या सुखाची उपपत्ति लाविली आहेच. भयानकापासून, रौद्रापासून, करुणापासून आनंद कां व्हावा, तर रंगभूमीवरील भाव कोणा एकाचा राहत नाहीं. तो साधारण होतो, सर्वांचा होतो, म्हणून तो आपणांस पोळत नाहीं. भट्टनायक व अभिनवगुप्त यांची ही विचारसरणी आम्हांस कॉलेजांत शिकविली गेली आणि तिच्या आधारावर आम्हीं उभें आयुष्य काढलें. ॲरिस्टॉटलनेंही असेंच म्हटलें आहे कीं, जे पदार्थ प्रत्यक्ष पाहावयास किळस येते त्यांचीं हुबेहूब चित्रें पाहतांना आनंद होतो. हें सारें खरें आहे. पण हेंच सारें खरें आहे असें मात्र नाहीं, ही कबुली येथें देणें प्राप्त आहे. प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या चौथ्या भागांत लिऑन्शियस नांवाच्या एका माणसाची गोष्ट दिली आहे. तो बंदरावरून शहराकडे येत असतां तटाबाहेर मारेकऱ्यापाशीं कांहीं प्रेतें पडलेलीं त्याला दिसलीं. त्याला तीं पाहावींशीं वाटलीं आणि त्याच क्षणीं स्वतःची लाजही वाटली. त्यानें डोळे झांकले. शेवटीं इच्छेनें मात केली. तो धांवत प्रेतांजवळ गेला आणि डोळे फाडून आपल्याच डोळ्यांना म्हणाला कीं, घ्या मेल्यांनो, पोटभर पाहून घ्या! त्या लिऑन्शियसला साधारणीकरण ठाऊक नव्हतें. तीं प्रेतें चित्रांतलीं नव्हतीं. आम्ही चित्र पाहतों तेव्हां रसिक पाहतो कीं लिऑन्शियस पाहतो, याचा निवाडा आम्हांला स्वतःलाही प्रत्येक वेळीं करितां येत नाहीं.

असो. जुन्या आणि अप्रसिद्ध चित्रांचेंच आम्हांस इतकें वेड कां, हाही प्रश्न आहे. नव्या चित्रांतही चोर आहेत, मारामाऱ्या आहेत, आणि त्या कितीतरी सफाईनें केलेल्या आहेत. होय; पण ती सफाईच आड येते. गरीब चित्रांत युक्ति उघडी दिसते. 'डिटूर'मध्यें न्यूयॉर्कचा रस्ता उभारावयास पैसे नव्हते म्हणून दिग्दर्शकानें सगळें दाट धुकें करून टाकलें. दोन दिवे आणि धुकें, झालें न्यूयॉर्क! नायक पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो हें नकाशाप्रमाणें दिसावें म्हणून एके ठिकाणीं फीतच उलटी करून लाविली. त्यामुळें अमेरिकेंतल्या मोटारी एकाएकीं आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूनें धांवूं लागतात. हें पाहून आम्हांस हसूं येतें, पण तें कुचेष्टेचें नव्हे. पाहुणे दारांत आले असतां घरांत होतें त्यांतच चार पदार्थ करून वाढणाऱ्या गृहिणीकडे पाहून येतें, तसें तें हसूं आहे. दुसरें असें कीं, या चित्रांच्या मागच्या बाजूस फार कांहीं असतें. पुढें नट मारामारी करीत असतात आणि मागें खरा रस्ता, खरीं दुकानें, कॅमेऱ्याकडे टकमक पाहणारा एखादा पोरगा. कथानक केव्हांच विरून जातें. तो पोरगा राहतो. आणि तिसरें, जें सांगावयास थोडें लाजल्यासारखें होतें, तें हें कीं, आम्हांखेरीज हें कोणी पाहिलें नाहीं, या भावनेंतही एक गर्व आहे. दुर्मिळ नाणीं जमविणाऱ्यांत आणि आमच्यांत तेवढ्यापुरता फरक नाहीं.

हा गर्व आमचा एका बाबतींत मात्र उतरला. आमचे एक मामा गिरणीच्या कचेरींत हिशेबनीस होते. सोंवळ्या-ओंवळ्याचें घर, रोज संध्याकाळीं रामरक्षा, आणि मुलांनीं पाहावयाचीं चित्रें म्हणजे संतांचीं. त्यांच्या ऐंशीव्या वर्षीं आम्हीं सहज म्हणून त्यांच्यासमोर 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) लाविलें. स्टेशनमास्तरवर खुनाचा आळ येतो आणि त्याची शूर कन्या सिग्नल-एक्स नांवाच्या बुरखेवाल्याच्या टोळीचा पाडाव करिते, अशी ती कथा. नादिया धांवत्या आगगाडीच्या टपावर चढली मात्र, आणि मामा ताठ बसून म्हणाले, "आतां त्याला उचलून फेकील बघ." तिनें फेकलें. मग हळूहळू उलगडा झाला. चाळीस-पंचेचाळीस सालच्या सुमारास, म्हणजे वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षीं, मामा आठवड्याच्या आठवड्याला पिटांत बसून नादियाचीं चित्रें पाहत असत. गिरणीतले, गोदीतले, व्हिक्टोरियावाले यांच्या मध्यें बसत, शिट्ट्याही घालीत. घरीं कळलें असतें तर अंगावरचीं सालटीं निघालीं असतीं. पुढें स्वतः बाप झाल्यावर त्यांनीं तीच दहशत आपल्या मुलांवर घातली. "अहो, पण कां?" असें आम्हीं विचारिलें तेव्हां म्हणाले, "तसली चित्रं बघणारी माणसं आपल्यातली नव्हेत, असं सगळे म्हणत. मीही म्हणूं लागलों."

या एका वाक्यांत मध्यमवर्गाच्या अभिरुचीचा पुष्कळ इतिहास आला आहे. स्टंटपटांवरचा आक्षेप नीतीचा म्हणून मांडला जाई, पण तो बव्हंशीं शेजाराचा होता. तिकिटाचा दर कमी, प्रेक्षक घामट, म्हणून करमणूक हलकी! वस्तुतः या चित्रांचे निर्माते जे. बी. एच. वाडिया हे उच्चशिक्षित गृहस्थ. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे ते अनुयायी होते, आणि 'डायमंड क्वीन' (१९४०) सारख्या मारामारीच्या चित्रांत त्यांनीं स्त्रीच्या स्वातंत्र्यावर आणि साक्षरतेवर भाषणें घातलीं. पर्थ येथें १९०८ सालीं जन्मलेली, सर्कशींत व नृत्यमंडळांत काम केलेली मेरी इव्हान्स ही नादिया होऊन चाबूक घेऊन उभी राहिली, आणि पिटांतल्या माणसानें बाईच्या हातून पुरुषाला मार खातांना पाहून टाळ्या पिटल्या. त्याच वेळीं बाल्कनींत सुशिक्षित मंडळी रडणाऱ्या सुनांचीं चित्रें पाहत होतीं. कोणत्या दालनांत नीति बसली होती, हें आम्ही सांगत नाहीं.

येथवर आमची बाजू बळकट आहे. आतां घोड्याकडे वळलें पाहिजे.

जें चित्र आम्ही पाहत होतों तें १९३९ सालचें 'जेसी जेम्स'. हें कांहीं अप्रसिद्ध नव्हे; मोठ्या कंपनीचें, मोठ्या नटांचें. कड्यावरील दृश्य मिसुरी संस्थानांतील एका तळ्यावर घेण्यांत आलें. स्वार वांचला, घोडा मेला. त्यावर लोकांत इतका गहजब झाला कीं, पुढील वर्षापासून अमेरिकेंतील एका प्राणिदया संस्थेचीं माणसें चित्रणाच्या जागीं देखरेखीस जाऊं लागलीं. त्यापूर्वीं तर सर्रास अशी रीत होती कीं, धांवत्या घोड्याच्या पुढच्या पायांना बारीक तार बांधावी, तिचें टोंक जमिनींत पुरलेल्या जड वस्तूला अडकवावें, आणि तार संपली कीं घोडा तोंडघशीं पडावा. पडद्यावर तो गोळी लागून पडल्यासारखा दिसे. आम्हीं असे किती घोडे पडतांना पाहिले असतील आणि त्यांतील किती उठले असतील!

येथें अभिनवगुप्त आमच्या मदतीला येत नाहींत. रंगभूमीवरचा राम रडतो तेव्हां नट रडत नाहीं. म्हणून तो शोक साधारण होऊं शकतो. भरतानें युद्ध, मरण वगैरे गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत असें सांगितलें, पण भासाच्या 'ऊरुभंगां'त दुर्योधन रंगभूमीवर मरतो तरी नट पडदा पडल्यावर उठून उभा राहतो. घोडा अभिनय करीत नाहीं. त्याचें पडणें म्हणजे पडण्याचें चित्र नव्हे, तर पडणेंच होय; कॅमेरा केवळ साक्षीला होता. मग आम्ही तेथें रसिक म्हणून बसलों आहों हें कशाच्या जोरावर म्हणावें? तेथें आम्ही लिऑन्शियस आहों.

कोणी म्हणेल कीं, ही गोष्ट पंचाऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेली. आतां पाहिल्यानें त्या घोड्याचें काय बिघडतें? कांहीं नाहीं. पण तटाबाहेरच्या त्या प्रेतांचेंही लिऑन्शियसच्या पाहण्यानें कांहीं बिघडत नव्हतें. तरी त्याला लाज वाटली, आणि प्लेटोला ती नोंद करण्याजोगी वाटली.

आणि प्रश्न घोड्याशीं थांबत नाहीं. आमच्या पिढींतल्या कोणत्याही घरांत जाऊन 'खाष्ट सासू' म्हणा. डोळ्यांपुढें ललिता पवार उभ्या राहतील. डावा डोळा बारीक करून त्या सुनेकडे पाहत आणि थिएटरांतील बायका कडाकडा बोटें मोडीत. आमच्या आईनें मोडलेलीं आम्हीं ऐकलीं आहेत. येवल्याकडची ही मुलगी मूकपटांच्या दिवसांत नायिका होती. 'दिलेर जिगर' (१९३१) या तलवारबाजीच्या मूकपटांत ती आहे, आणि सुदैवानें तो मूकपट टिकून राहिला आहे. त्यांत तिचे दोन्ही डोळे सारखे आहेत. १९४२ सालीं 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणांत मास्टर भगवान यांनीं तिला थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. हात जोरानें बसला. हेतु वाईट नव्हता, अपघात होता. परंतु चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळ्याला इजा झाली, उपचारांत कांहीं वर्षें गेलीं, आणि नायिकेचीं कामें संपलीं. मग तोच डोळा घेऊन त्या बाई परत आल्या आणि पुढें अर्धशतक काम करीत राहिल्या. म्हणजे ज्या डोळ्याला आपण सर्वांनीं दुष्टपणाची खूण समजून शिव्याशाप दिले, तो वस्तुतः मार खाल्लेला डोळा होता. आम्हांस हें कळलें तेव्हां आमची आई हयात नव्हती. असती तर तिला सांगितलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

या ठिकाणीं एक भेद करावासा वाटतो, आणि तो किती टिकतो तेंही पाहावें लागतें. नादियानें टपावर चढावयाचें स्वतः पत्करिलें होतें. तिचें साहस तिचें होतें, त्याचा मान तिला मिळाला, आणि १९९६ सालीं वृद्धपणीं ती मुंबईंत वारली. तिच्याकडे पाहतांना आम्हांस अपराधी वाटण्याचें कारण नाहीं. घोड्यानें कांहींच पत्करिलें नव्हतें. ललिता पवारांनीं अभिनय पत्करिला होता, इजा नव्हे. हें इतपत स्पष्ट आहे. पण या तिघांच्या मध्यें एक मोठा जमाव उभा आहे. नादियानें टपावरून ज्याला फेकलें तो कोण होता? रोजावर येणारा कोणी तरी. पडण्याबद्दल त्याला मजुरी मिळत होती आणि न पडला तर मिळत नव्हती. त्यानें तें पत्करिलें होतें म्हणावें कीं नाहीं? श्रेयनामावलींत त्याचें नांव नाहीं. अमेरिकेंत 'हॅझर्ड्स ऑफ हेलन' या मालिकेचे १९१४ पासून १९१७ पर्यंत एकशें एकोणीस भाग निघाले. प्रत्येकांत आगगाडी, प्रत्येकांत उडी. नायिकांचीं नांवें ठाऊक आहेत; ज्यांच्या अंगावर त्या उडी घेत त्यांचीं नाहींत. अप्रसिद्ध चित्रें पाहण्यांत आम्हांस जी अप्रसिद्धि गोड वाटत होती, ती या माणसांच्या वांट्याला आलेली अप्रसिद्धि होती.

मग पाहूंच नये काय? नातीच्या गेल्यानंतर दोन आठवडे आम्हीं खरोखरच कांहीं पाहिलें नाहीं. तें पुण्यकर्म केल्यासारखें वाटेना. जड मात्र वाटलें. एक तर असें कीं, हीं चित्रें मुळांतच फार थोडीं उरलीं आहेत. भारतांत झालेल्या मूकपटांपैकीं फारच थोडे आज उपलब्ध आहेत. जुन्या फिती नायट्रेटच्या, पेट घेणाऱ्या. कित्येक जळल्या, कित्येक आंतली चांदी काढून घेण्यासाठीं विकल्या गेल्या. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत पुष्कळसें नाहींसें होऊन गेलें होतें. त्या रोजावर पडणाऱ्या माणसाचा जगांत उरलेला एकमेव पुरावा म्हणजे त्याचें तें पडणें. तें आम्हीं डोळे झांकून घेतल्यानें त्याला न्याय मिळतो असें आम्हांस पटत नाहीं. तो दुसऱ्यांदा नाहींसा होतो, एवढेंच.

परंतु 'हा तर खेळ आहे' हें जें वाक्य आम्ही आयुष्यभर ढालीसारखें वापरीत आलों, तें आतां आम्हांस वापरवत नाहीं. मारामारी सुरू झाली कीं आमचें लक्ष मारणाऱ्यावरून मार खाणाऱ्याकडे जातें. तो कसा पडला, हात आधीं टेकला कीं खांदा, मागच्या दृश्यांत तोच मनुष्य पुन्हां दुसऱ्या टोळींत दिसतो कीं नाहीं. दोन चित्रांत आम्हीं एकाच मनुष्यास ओळखलें आहे : रुंद कपाळ, एक दांत नसलेला. तो दोन्ही वेळां पाण्यांत पडतो. सुख कमी झालें काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर नाहीं. तें बदललें आहे आणि त्यांत कांहींतरी टोंचणारें आलें आहे. कड्यावरचें दृश्य मात्र आम्हीं पुन्हां पाहिलेलें नाहीं. बाकी चित्र पाहतों. तेवढा भाग पुढें ढकलितों. हें तर्काला धरून आहे असा आमचा दावा नाहीं. माणूस आणि घोडा यांत आम्हीं हा भेद कां करावा, हें कोणी विचारिलें तर आमची तारांबळ उडेल. घोड्याच्या डोळ्यांत त्या क्षणीं जें दिसतें तें आम्हांस पाहवत नाहीं, इतकेंच.

परवां नात सुटीला आली होती. आम्हीं 'मिस फ्रंटियर मेल' लावून बसलों होतों. ती दाराशीं घोटाळली. "यांत घोडे आहेत का?" तिनें विचारिलें. आम्हीं म्हटलें, "मुख्यतः आगगाडी आहे." ती येऊन खालीं चटईवर बसली. नादिया टपावर चढली तेव्हां तिनें मामांसारखेंच पुढें वांकून पाहिलें. आणि जेव्हां एक मनुष्य उचलला जाऊन कडेला भिरकावला गेला तेव्हां ती मोठ्यानें हंसली. मग एकदम हंसूं आवरून आमच्याकडे वळली.

"आजोबा, थोडं मागं घ्या. तो कुठं पडला ते दिसलं नाही."

आम्हीं मागें घेतलें. तो पुन्हां उचलला गेला, पुन्हां पडला. खालीं काय होतें तें दोघांनाही नीट दिसलें नाहीं. आम्हीं आणखी एकदां मागें घेतलें.